वाचाघात आणि ऑक्सिजन चेंबर: चाळीस सत्रांचे पैसे भरण्याआधी काय बघायचं, भरल्यावर काय सांभाळायचं

पक्षाघाताने किंवा डोक्याला मार लागून वाचा गेलेल्या माणसाच्या घरी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोणीतरी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवतं. पारदर्शक नळकांड्यात झोपलेला रुग्ण, खाली ‘मेंदूला थेट ऑक्सिजन’ अशी पट्टी आणि शेवटी चाळीस सत्रांचं पॅकेज. मग मुलगा, सून, जावई, शेजारचे काका अशी सगळ्यांची मतं घेऊन झाली की प्रश्न आम्हा स्पीच थेरपीवाल्यांच्या टेबलावर येतो. “मॅडम, करून घेऊ का? फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना?”

माझं मत आधीच सांगून टाकते. पैसा, वेळ आणि रुग्णाची ताकद या तिन्ही गोष्टी मोजक्याच असतात आणि त्यांच्यावर पहिला हक्क स्पीच थेरपीचा आहे. ती नीट चालू असेल, न्यूरोलॉजिस्टची हरकत नसेल आणि खर्चासाठी कर्ज काढावं लागणार नसेल, तर चेंबरचा विचार करा. तोही पुढच्या पायऱ्या पाळून.

आधी बिघाड कुठला आहे ते लिहून घ्या

‘बोलता येत नाही’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. वाचाघातात, म्हणजे अफेजियात, भाषाच अडखळते. शब्द सापडत नाही, समोरच्याचं बोलणं पूर्ण कळत नाही, वाचन-लेखनही बिघडतं. डिसआर्थ्रियात भाषा शाबूत असते, पण जीभ, ओठ, टाळू यांचे स्नायू साथ देत नाहीत, त्यामुळे उच्चार जड होतात. तिसरा प्रकार ॲप्रॅक्सियाचा. त्यात स्नायूंत ताकद असते, पण हालचालीची जुळवाजुळव हुकते. एकाच माणसात दोन-तीन प्रकार एकत्रही सापडतात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘स्पीच अफेक्टेड’ लिहिलं असेल, तर स्पीच थेरपिस्टकडून सविस्तर तपासणी करून लेखी अहवाल घ्या.

मुंबईकर रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायची. घरात मराठी किंवा मालवणी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी असं ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या सगळ्या भाषा सारख्याच बिघडतील असं नाही आणि सारख्याच वेगाने परततील असंही नाही. त्यामुळे तो ज्या-ज्या भाषांत जगत होता, त्या प्रत्येकीत तपासणी हवी.

आणि हे कधीही विसरू नका: बोलणं अचानक नव्याने गेलं किंवा आहे त्याहून बिघडलं, तर तो दुसरा झटका असू शकतो. तेव्हा १०८ ला फोन करायचा आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. चेंबरची अपॉइंटमेंट त्या दिवसापुरती विसरायची.

ऑक्सिजन म्हणजे नेमका कोणता?

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू घरात आधीच असते. कोविडच्या काळात घेतलेला कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर पडलेला असतो आणि कोणीतरी सुचवतं, ‘बाबांना रोज दोन तास लावू या’. तसं करू नका. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर पक्षाघाताच्या रुग्णांना घेऊन हा प्रयोग झाला होता. रक्तातला ऑक्सिजन मुळात व्यवस्थित असलेल्यांना नाकातून जादा ऑक्सिजन दिल्याने काही फायदा झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली जात असेल तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय डॉक्टरांचा. जुन्या दम्याच्या किंवा सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, रुग्णाला मनाने ऑक्सिजन लावणं तर उलट घातक ठरू शकतं.

दुसरी वस्तू म्हणजे चेन लावून बंद होणारी फुगवायची पिशवी, ‘सॉफ्ट चेंबर’. तिच्यात दाब साधारण १.३ एटीएपर्यंतच जातो. एटीए म्हणजे आपल्या रोजच्या हवेचा दाब १ धरून केलेलं मोजमाप. अमेरिकेत अशा पिशव्यांना मान्यता आहे ती उंच डोंगरावर होणाऱ्या त्रासासाठी. मेंदूच्या दुखापतीसाठी नाही.

तिसरी वस्तू म्हणजे खरी हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी. कडक भिंतींच्या बंद चेंबरमध्ये दाब वाढवतात आणि रुग्ण जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन श्वासातून घेतो. एरवी रक्तातला ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटून फिरतो आणि रक्तद्रवात विरघळलेला असतो जेमतेम १०० मिलिलिटरला ०.३ मिलिलिटर. ३ एटीए दाबाखाली तो ६ मिलिलिटरच्या आसपास जातो. या उपचारामागचं सगळं तर्कशास्त्र इथे आहे: ज्या भागात रक्त कमी पोचतं तिथे निदान विरघळलेला ऑक्सिजन तरी पोचेल. मेंदूच्या जुन्या दुखापतींवरचे प्रयोग बहुतेक १.५ ते २ एटीएवर झालेत, सत्र तासा-दीड तासाचं, आठवड्यातून पाच दिवस, अशी चाळीस. पॅकेजमधला चाळीसचा आकडा तिथूनच येतो.

पुरावा काय म्हणतो

हायपरबॅरिक चेंबर ही काही भोंदूगिरी नव्हे. खोल बुडी मारून भरकन वर येणाऱ्यांना दाब उतरल्याने होणारा डीकम्प्रेशनचा त्रास, रक्तवाहिनीत शिरलेली हवा, गॅस गँग्रीन, मधुमेहाच्या काही न भरणाऱ्या जखमा, रेडिएशनने झालेली इजा यांसाठी तो मान्य उपचार आहे. मेंदूच्या दुखापतीचा एक प्रकारही या यादीत येतो आणि तो मुंबईच्या फ्लॅटमध्ये घडू शकतो. बंद बाथरूम, गॅस गीझर आणि कार्बन मोनॉक्साइड. गीझरमुळे बेशुद्ध झालेल्या माणसासाठी हायपरबॅरिक ऑक्सिजनचा विचार तासांच्या हिशेबात व्हायला हवा. त्या वेळी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा.

पक्षाघात आणि अपघाती मार मात्र त्या मान्य यादीत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१३ मध्ये ग्राहकांना सावध केलं, तेव्हा चेंबरची परिणामकारकता सिद्ध न झालेल्या आजारांत ही दोन्ही नावं होती.

जाहिरातीत बहुधा इस्रायलमधला २०१३ चा अभ्यास दाखवतात. पक्षाघाताला सहा महिने ते तीन वर्षं उलटून गेलेल्या ७४ रुग्णांवर तो झाला आणि चेंबरच्या चाळीस सत्रांनंतर त्यांच्यात सुधारणा दिसली. पण तुलनेच्या गटाला त्या काळात खोट्या चेंबरमध्ये बसवलेलं नव्हतं. आपण उपचार घेतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. याने किती फरक पडतो ते अमेरिकी सैनिकांवरच्या प्रयोगात दिसलं, ज्याचे निकाल २०१५ मध्ये आले. डोक्याला मार लागून त्रास रेंगाळलेल्या ७२ सैनिकांपैकी काहींना १.५ एटीएवर ऑक्सिजन दिला, काहींना तशाच चेंबरमध्ये १.२ एटीएवर साधी हवा दिली, काहींना चेंबरच दिला नाही. चेंबरमध्ये बसलेले दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत फरक निघाला नाही. सेरेब्रल पाल्सीच्या १११ मुलांवरच्या कॅनडातल्या अभ्यासात २००१ सालीच हेच झालं होतं.

समर्थक म्हणतात, थोडा दाब आणि साधी हवा हाही उपचारच आहे. असेलही. पण मग चाळीस सत्रं महागडा ऑक्सिजन कशाला घ्यायचा, याचं उत्तर त्यांनीच द्यायला हवं. शिवाय या अभ्यासांचा मुख्य भर भाषेवर नव्हताच. वाचाघातापुरतं बोलायचं तर ‘आशा वाटावी असं काही आहे, सिद्ध काही नाही’ एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवा. जर्मनीत सहा महिन्यांहून जुना वाचाघात असलेल्या दीडशेहून जास्त रुग्णांवर अभ्यास झाला. किमान तीन आठवडे, आठवड्याला दहा किंवा जास्त तास स्पीच थेरपी दिल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं वाट पाहणाऱ्या गटापेक्षा सुधारलं. हेही २०१७ सालचं. म्हणजे झाले साधारण तीस तास. चाळीस सत्रांमध्ये चढता-उतरता दाब धरून रुग्ण चेंबरमध्येच सत्तर-ऐंशी तास काढतो, डोंबिवलीहून येण्या-जाण्याचा वेळ वेगळा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांनी ते सत्तर तास काढलेले असतात आणि स्पीच थेरपीचे दहासुद्धा झालेले नसतात. तेव्हा पॅकेजचा विषय निघाला की मी आधी थेरपीची वही मागते.

मोजमाप, तेही सुरू करण्याआधी

वाचाघातातली नैसर्गिक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगवान असते. दुसऱ्या महिन्यात काहीही सुरू केलं, अगदी काढा जरी दिला, तरी ‘गुण आला’ असं वाटणार. यावर उपाय एकच. चेंबर सुरू होण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत निदान तीनदा एकच चाचणी घ्या आणि मोबाइलवर चित्रित करून ठेवा. या काळातही आलेख चढत असेल, तर पुढच्या चढाचं सगळं श्रेय चेंबरला देता येणार नाही.

औपचारिक चाचणी थेरपिस्ट घेईल. घरच्या घरी घरातल्याच वीस वस्तूंची चित्रं घ्या: कुकर, लाटणं, छत्री, चष्मा, रेल्वेचा पास. नाव सांगता येतं का बघा आणि किती सेकंद लागले तेही लिहा. ‘दार लावा आणि पंखा बंद करा’ अशा दुहेरी सूचना खाणाखुणा न करता द्या. तुमची नजर पंख्याकडे गेली की रुग्ण ती पकडतो आणि तुम्हाला वाटतं, सगळं समजलं! शेवटी एखाद्या चित्राबद्दल मिनिटभर बोलायला सांगा.

एक ते दहा आकडे, वारांची नावं, गणपतीची आरती मात्र गुणांत धरू नका. हे पाठांतर मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. ‘चहा’ हा शब्द न सापडणारा माणूस आरती सुरात म्हणतो आणि ते पाहून घरच्यांचे डोळे भरून येतात. थेरपीत या सुराचा उपयोग होतो, पण सुधारणेचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

डॉक्टरांकडून काय तपासून घ्यायचं

छातीत हवा भरून फुप्फुस दबलेलं असेल आणि त्यावर उपचार झालेले नसतील, तर चेंबर पूर्ण वर्ज्य. अपघाताच्या रुग्णात बरगड्या मोडलेल्या असू शकतात, म्हणून छातीचा अलीकडचा एक्स-रे हवा. ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध कधी घेतलंय का, सीओपीडी आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, पेसमेकर त्या दाबाला चालणारा आहे का, हे विचारा. डोक्याचं ऑपरेशन झालं असेल, कवटीचा तुकडा काढलेला असेल, शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी, बसवलेली असेल किंवा नाकातून मेंदूभोवतीचं पाणी गळत असेल, तर न्यूरोसर्जनची लेखी परवानगी घ्या.

फिट येण्याचा इतिहास असेल तर तो स्पष्ट सांगा. दाबाखालचा जादा ऑक्सिजन क्वचित स्वतःच फिट आणतो, आणि जखमी मेंदूत मुळातच ती शक्यता वाढलेली असते. फिटच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. मधुमेह असेल तर सत्राआधी आणि नंतर साखर तपासायची, कारण चेंबरमध्ये ती खाली येऊ शकते. काहींना काही आठवडे लांबचं धूसर दिसतं. हे बहुतेक वेळा आपोआप ओसरतं, त्यामुळे लगेच नवा चष्मा करायला धावू नका.

केंद्रावर गेल्यावर

दाब किती एटीए, ऑक्सिजन मास्कने की पूर्ण चेंबरमध्ये, हायपरबॅरिक मेडिसिनचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर सत्राच्या वेळी इमारतीत हजर असतात का, फिट आली तर पहिल्या मिनिटात कोण काय करतं, हे उभ्या उभ्या विचारून घ्या. उत्तर देणारा सेल्सचा माणूस असेल आणि डॉक्टर ‘नंतर भेटतील’, तर तिथेच निरोप घ्या.

आगीबद्दल संकोच न करता विचारा. मिलानमधल्या एका रुग्णालयात १९९७ साली चेंबरला आग लागून अकरा जण गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पाच वर्षांचा मुलगा गेला. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते. म्हणून चेंबरमध्ये जाताना शंभर टक्के सुती कपडे, शक्यतो केंद्राने दिलेले. नायलॉनची साडी नाही, स्वेटर नाही. मोबाइल, घड्याळ, दागिने बाहेर. आणि आपल्याकडे हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे केसांचं खोबरेल, कपाळाचा बाम, अत्तर, हाताला चोळलेला सॅनिटायझर. सत्राच्या दिवशी आंघोळीनंतर अंगाला यातलं काहीही लावायचं नाही. एखाद्या केंद्रात कपडे-तेल कोणी तपासतच नसेल, तर तो सगळ्यात मोठा धोक्याचा इशारा समजा.

पैशांचं म्हणाल तर सगळी रक्कम आगाऊ भरू नका. दहा-दहा सत्रांचे हप्ते, थांबल्यास परताव्याची अट आणि दाबाचा आकडा बिलावर, हे लेखी मागा. मान्य यादीबाहेरच्या वापराचा क्लेम विमा कंपन्या सहसा नाकारतात, म्हणून पूर्वपरवानगी कागदावर आल्याशिवाय ‘मेडिक्लेममध्ये बसतं’ या वाक्यावर विसंबू नका.

कान, आणि बोलू न शकणारा माणूस

ही पायरी माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

२ एटीए म्हणजे समुद्रात दहा मीटर खोल गेल्याइतका दाब. तो चढताना पहिल्या काही मिनिटांत कानाचे पडदे आत ढकलले जातात. विमान उतरताना जे होतं तेच, पण जास्त जोरात. धडधाकट माणसाला सांगतात: आवंढा गिळा, जांभई द्या, नाक दाबून हलकेच फुंका, दुखलं तर बोला. आता हीच चार वाक्यं वाचाघाताच्या रुग्णाला सांगून बघा. समजण्याची बाजू बिघडली असेल तर सूचना पोचतच नाही. ॲप्रॅक्सिया असेल तर एरवी सहज जांभई देणारा माणूस ‘जांभई द्या’ म्हटल्यावर नुसता तोंड वासून बसतो. आणि ‘दुखलं तर बोला’ हे तर त्याला जमतच नाही, म्हणून तो आलाय!

बेस्टमधून निवृत्त झालेले एक आजोबा आमच्याकडे यायचे. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘हो-हो’. भूक लागली तरी ‘हो-हो’, नको असलं तरी ‘हो-हो’, रागावले तरी तेच, फक्त सूर वेगळा. अशा माणसाला इंटरकॉमवरून “काका, कान ठीक आहेत ना?” असं विचारलं तर उत्तर काय येणार ते उघड आहे. ऑपरेटर दाब वाढवत राहील आणि कानाचा पडदा फाटू शकेल.

म्हणून चेंबरआधी आठवडाभर घरी आणि थेरपीत सराव करा. शब्दांवर भिस्त ठेवायचीच नाही. चालता हात वर म्हणजे ‘थांबवा’, एवढी एकच खूण पक्की करा. एक हात लुळा असेल तर दुसऱ्या हाताने, आणि तो बाहेरून दिसेल अशा बाजूला. सराव खोटा-खोटा नको. खांद्यावर हलका दाब द्या, वाढवत न्या, हात वर झाला की लगेच सोडा. खूण केली की त्रास थांबतो, हे त्यांना अनुभवातून कळलं पाहिजे. शिवाय कानावर हात ठेवलेल्या, वेदनेने कळवळलेल्या चेहऱ्याचं एक मोठं चित्र चेंबरच्या काचेबाहेर धरायला ऑपरेटरला द्या. आतला माणूस हसतोय की कपाळाला आठ्या आहेत, हे सतत बघणारं घरचं कोणीतरी काचेपाशी उभं राहू द्या. आठ्यांची ओळख ऑपरेटरपेक्षा बायकोला जास्त असते.

कान मोकळे करायला काही ठिकाणी पाण्याचा घोट देतात. वाचाघाताबरोबर गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णात हाच घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. गिळण्याची तपासणी झालेली नसेल तर पाणी द्यायचं नाही, हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ज्यांना कान मोकळे करणं जमणारच नाही, त्यांच्या पडद्यात ईएनटी सर्जन आधी बारीक नळी बसवू शकतात. आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्याचं यंत्र बॅटरीमुळे बाहेर काढावं लागतं, म्हणजे आधीच कमी समजणारा माणूस आत बहिरा होऊन बसतो. त्याच्यासाठी खुणा आणि चित्रं यांखेरीज दुसरा मार्ग नाही.

थेरपीचे तास मुंबईत कुठून आणायचे

खाजगी थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी विचारा. कमी खर्चात हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाचा वाणी-श्रवण विभाग आणि हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, या तिन्ही ठिकाणी चौकशी करा. रांगा असतात, सकाळी लवकर निघा. आठवड्याला दोनच तास मिळाले तर उरलेले घरी भरून काढा, पण थेरपिस्टने लिहून दिलेल्या पाठावर. नातवाच्या अंकलिपीवर नको, मोठ्या माणसाचा त्यात अपमान होतो.

चेंबर चालू असेल तर थेरपी त्याच दिवशी आधी ठेवा. दोन तास आत बसून आणि ट्रॅफिकमधून आलेला मेंदू शब्द शोधायच्या अवस्थेत नसतो.

वाचाघात कायमचा राहिला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणी आणि भाषा दिव्यांगत्वात तो मोजला जातो. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करून ठेवा. पुष्कळ घरांना वाटतं की हे कार्ड फक्त हातापायाच्या अपंगत्वासाठी असतं.

थांबायचं कधी

कान दुखणं दोन सत्रांत आटोक्यात आलं नाही, फिट आली, श्वास लागला, किंवा माणूस चेंबरच्या दाराशी रोज हात घट्ट धरून मागे सरायला लागला, तर थांबा. बोलता न येणाऱ्याचा नकार असाच दिसतो आणि तो नकारच असतो. एरवी विसाव्या सत्रानंतर तीच वीस चित्रं, त्याच दुहेरी सूचना, तेच मिनिटभर बोलणं पुन्हा चित्रित करा आणि जुन्या चित्रफितींसोबत अशा थेरपिस्टला दाखवा, ज्याला कुठली आधीची आणि कुठली नंतरची ते सांगितलेलं नाही. त्याला फरक ओळखता आला नाही, तर उरलेल्या वीस सत्रांचे पैसे स्पीच थेरपीकडे वळवा.